हिरवी पट्टी

कातळवाडीच्या कंपनी वसाहतीत कुणाची साप्ताहिक सुट्टी कधी आहे ते विचारावं लागत नसे, कानावर पडे. सोमवारी सकाळपासून घागांच्या घरातून भांडी आपटल्याचे आवाज येत. बुधवारी परकारांकडे नवरा-बायकोची जुंपे. आणि मंगळवार होता पालांड्यांचा. त्या दिवशी शरयू आणि भालचंद्र असं काही तावातावाने भांडत, की शेजारपाजारचे दार लावून घेत नसत, उलट उघडत. करमणूक फुकट असेल तर कोण सोडतो?

बाकीचे सहा दिवस मात्र वसाहत कशी गोडगोड. अगदी अंगावर काटा यावा इतकी गोड. ड्यूटीवर जाणाऱ्या माणसाशी वाद घालायचा नाही, त्याच्या कानावर वाईट बातमी घालायची नाही. पोराचे मार्क, सासूचं दुखणं, भावकीतला कज्जा, सगळं सुट्टीपर्यंत थोपवून धरायचं. परकारभाभींचे वडील गुरुवारी गेले, ते त्यांच्या नवऱ्याला, इक्बालला, पुढच्या बुधवारी कळलं. जनाज्याला खांदा द्यायला जावई नव्हता म्हणून गावात नावं ठेवली गेली ती निराळीच. पण भाभी काय करणार? त्याच्या मनगटावर पट्टी होती ना!

ही पट्टी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं.

रसायनाच्या कारखान्यात अपघात का होतात, यावर जगभर डोकेफोड चाललेली असते. पाइप, झडपा, रिअ‍ॅक्टर यांच्यावर नजर ठेवणारी यंत्रं केव्हाच आली होती. नजर नव्हती ती माणसावर. मग कुणीतरी शक्कल लढवली. जुन्या शेकडो अपघातांच्या नोंदी एका शिकणाऱ्या यंत्रणेला खाऊ घातल्या. अपघाताच्या आधी पॅनेलवर बसलेल्या माणसाचं काळीज कसं धडधडत होतं, तळहाताला घाम किती होता, श्वास कसा चालला होता, सगळं. यंत्रणेने हिशेब मांडला आणि उत्तर दिलं: अपघाताआधी माणूस जवळजवळ नेहमीच अस्वस्थ असतो. म्हणजे अस्वस्थ माणूस दूर करा, अपघात टळेल. पटण्यासारखंच होतं की नाही?

मग पॅनेलवरच्या आणि कारखाना थांबवण्याचा अधिकार असलेल्या प्रत्येकाच्या मनगटाला पट्टी बांधली गेली. मन शांत असेल तर हिरवी, बिथरलं की लाल. पॅनेलला तळहाताएवढी एक काळी पाटी होती. तिच्यावर हात ठेवल्याशिवाय मोठा कुठलाही हुकूम यंत्र घेत नसे, आणि पट्टी लाल असली की हात ठेवूनही घेत नसे. लाल झालेल्याने मुकाट घरी जायचं. तिसऱ्यांदा लाल झाला की पॅनेल कायमचं सुटलं, मग जन्मभर गोदामात पिंपं मोजा. कंपनीने यंत्रणेला नाव दिलं होतं ‘स्थितप्रज्ञ’. गीतेतला शब्द वापरला की कामगार संघटनासुद्धा जरा नरमते.

आणि ही यंत्रणा कातळवाडीत आणली कुणी? शरयू पालांडेने. सुरक्षा विभागाची प्रमुख होती ती. धोका हुंगून काढणं हेच तिचं काम. मोठ्या टेबलाभोवती सगळ्यांना बसवून ती एकेका पाइपवर बोट ठेवून विचारायची: इथून जास्त आलं तर? कमी आलं तर? आलंच नाही तर? उलटं फिरलं तर? बाई एकदा विचारायला लागली की मोठमोठे इंजिनिअर घामाघूम होत. पट्टी आल्यापासून दोन वर्षांत कारखान्यात साधं बोटसुद्धा चेचलं नव्हतं. शरयूला त्याचा अभिमान होता. का नसावा? तिचा नवरा भालचंद्र त्याच कारखान्यात पॅनेलवर बसत होता. रोज सुखरूप घरी येत होता.

हा भालचंद्र म्हणजे दिलखुलास गडी. आवाज मोठा, हसणं मोठं, रागही मोठा. पण रागाचा माणूस असल्यामुळे दोनदा लाल होऊन घरी आला होता. एकदा शेजाऱ्याने गाडी लावायच्या जागेवरून डिवचलं म्हणून, आणि एकदा मुलीने, ओवीने, पुण्याहून फोन करून सुट्टीला येत नाही म्हणून सांगितलं तेव्हा. त्यानंतर घरात नियम अधिकच कडक झाला. जे काही असेल ते मंगळवारी.

त्या मंगळवारी नेहमीप्रमाणे दोघांचं कडाक्याचं वाजलं. ते संपून भालचंद्र अंघोळीला गेला आणि दारात दत्ताराम घाग येऊन उभा राहिला. घाग म्हणजे पॅनेलवरचा जुना माणूस. चेहरा उतरलेला.

“मॅडम, माझी तिसरी लाल झाली परवा. आजपासून गोदाम.”

“बसा आधी,” शरयू म्हणाली. “घरी काही ताण आहे का? आपल्याकडे समुपदेशक...”

“घरी काय धाड भरलीय?” घाग उसळला. “पोरगी सासरी सुखात आहे, मला ना दारू ना तंबाखू. बायको सोमवारी भांडते, ती कंपनीच्या नियमाने भांडते. तुमचा तो समुपदेशक मला विचारतो, लहानपणी काय झालं. लहानपणी मी आंबे पाडत होतो, दुसरं काय होणार?”

“मग झालं तरी काय?”

“तेच तर सांगता येत नाही. सहा नंबरच्या रिअ‍ॅक्टरला चक्कर मारून आलो की पोटात कालवतं. तिन्ही वेळा तिथूनच आलो आणि पट्टी लाल. सगळे आकडे ठीक आहेत, मीच स्वतः बघितलेत. का होतं म्हणून विचारू नका. सांगता आलं असतं तर तुमच्या दारात येऊन रडलो असतो का?”

शरयूने त्याला चहा पाजला, चार बऱ्या गोष्टी सांगितल्या आणि वाटेला लावलं. माणूस वयाने थकलाय, असंच तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर मासळीवाली आली होती. परकारभाभी बांगडे निवडत होत्या. शरयूला बघून बाजूला घेत म्हणाल्या, “मॅडम, तुम्हाला म्हणून सांगते. आमच्या यांची पण एक लाल झाली. घरात तर मी पाण्याचा पेलासुद्धा आवाज न करता ठेवते. काय होतं कोण जाणे, त्या सहा नंबरवर पाळी असली की येताना थोबाड काळं!”

शरयूचा हात टोपलीतल्या माशावर तसाच राहिला.

घाग सहा नंबर. परकार सहा नंबर. दोघांच्या घरी काही नाही. मग मन बिघडतंय ते घरून येताना नव्हे, तिथे गेल्यावर.

आणि तिच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. अगं बाई! अपघाताआधी माणसं अस्वस्थ असतात हे खरंच. पण अस्वस्थतेमुळे अपघात होतो हे कुणी सांगितलं? यंत्राने दोन गोष्टी लागोपाठ बघितल्या आणि पहिलीला दुसरीचं कारण ठरवून मोकळं झालं. माणसाच्या कानाला, तळपायाला काहीतरी बिघडल्याचं आधी कळतं. डोक्याला ते सांगता येत नाही, पण काळीज धडधडायला लागतं. चोर आला की कुत्रं भुंकतं. आपण काय केलं, तर भुंकणारं प्रत्येक कुत्रं हाकलून दिलं. आणि दोन वर्षं म्हणतोय, बघा किती शांत आहे!

पिशवी तिथेच भाभींच्या हातात कोंबून ती कारखान्यात गेली.

सहा नंबरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये एका तेलकट रसायनात तीव्र आम्ल हळूहळू सोडलं जाई. दोन्हींचा संयोग झाला की प्रचंड उष्णता निघते. म्हणून आम्ल धारेने नव्हे, थेंबाथेंबाने सोडायचं, आत मोठी रवी फिरत ठेवायची आणि बाहेरून थंड पाणी खेळवायचं. पडलेला थेंब लगेच घुसळला गेला पाहिजे, लगेच खर्ची पडला पाहिजे. हीच त्यातली सगळी मेख.

शरयू लोखंडी जाळीच्या जमिनीवर उभी राहिली. आकडे छान होते. तापमान तर नेहमीपेक्षा जरा कमीच. बाहेर पायाडावर रंगारी गाणं गुणगुणत शेजारची टाकी रंगवत होते. तिने मोटरला लागणारी वीज बघितली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. मोटर फिरत होती, पण वीज फार कमी घेत होती. म्हणजे मोटर आणि रवी यांना जोडणारा सांधा झिजून निसटत होता. वर मोटर गरगर फिरतेय, पॅनेलवर ‘रवी चालू’ असा हिरवा दिवा, आणि खाली रवी कधी फिरतेय, कधी नुसती उभी. जड आम्ल न घुसळता तळाशी साठत होतं. संयोगच होत नव्हता, म्हणून तर तापमान इतकं कमी! पायाखालची थरथर मधूनच तुटत होती. तिच्या पायांनाही ती आता कळत होती. सांधा आजवर थोड्याथोड्या वेळाने पुन्हा पकडत होता म्हणून निभावलं. एखाद्या दिवशी बराच वेळ निसटून मग पकडला, तर तळाशी साठलेलं सगळं आम्ल एकदम पेटणार. आतला माल खाली सोडून देणारी आपोआपची झडप तापमान ठरलेल्या हद्दीला गेल्यावर उघडते. तोवर उशीर झालेला असेल.

ती धावतच कारखान्याच्या व्यवस्थापकांकडे, देवस्थळी साहेबांकडे गेली. धापा टाकत सगळं सांगितलं. सहा नंबर आत्ताच्या आत्ता थांबवा म्हणाली.

देवस्थळी वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. त्याने शांतपणे ऐकलं, पाण्याचा पेला पुढे केला आणि तिच्या मनगटाकडे बोट दाखवलं. पट्टी लालभडक झाली होती.

“मॅडम, नियम तुम्हीच लिहिलात. लाल असताना दिलेला थांबवण्याचा हुकूम ग्राह्य नाही. घाबरलेल्या माणसाच्या शब्दावर कारखाना बंद करू नये, हे वाक्य तुमचंच आहे.”

“अहो, मी घाबरलेय कारण धोका खरा आहे!”

“प्रत्येक घाबरलेल्या माणसाला असंच वाटतं, हेही तुम्हीच लिहिलंय,” तो हळू आवाजात म्हणाला. “हे बघा, मी ऐकत नाही असं नाही. ही बॅच संपली की उद्या सकाळी सांधा उघडून बघायला सांगतो. उद्या आपली धोका-बैठकही आहे. आज घरी जा. जरा आडव्या व्हा.”

आता बोला. धोका समजला की माणूस लाल होतो, आणि लाल माणसाचं कुणी ऐकत नाही. ज्याचं ऐकतात तो हिरवा, आणि तो हिरवा आहे कारण त्याला काही समजलेलंच नाही. ही गाठ शरयूने स्वतःच्या हाताने मारली होती. गाडीत बसल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली.

घरी भालचंद्र दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत होता. जेवून, बूट घालून, आरशासमोर उभा राहून दीर्घ श्वास घेत होता. ड्यूटीआधी सगळ्या वसाहतीचा हा परिपाठ होता.

“तू कशी काय आलीस मध्येच?” त्याने विचारलं.

“डोकं दुखतंय.”

“आज कुठे बसवतायत बघू. बहुतेक सहा नंबर.” तो तिच्याकडे निरखून बघायला लागला. “काही आहे का?”

हाच तो क्षण. एक शब्द बोलली असती, तर भालचंद्र दारातच लाल झाला असता. फाटकावरून परत पाठवला असता. पण ती तिसरी लाल! बावीस वर्षं ज्या पॅनेलवर त्याचा जीव होता ते गेलं असतं. गोदामात पिंपं मोजणारा भालचंद्र तिला डोळ्यांपुढे आणवेना. त्याच्या जागी सुट्टी मोडून बोलावलं असतं इक्बाल परकारला. आणि उद्या तर सांधा उघडणारच आहेत. इतके दिवस चाललं, आज एक पाळी चालणार नाही का? असं तिने मनाला बजावलं. पण खरं सांगायचं तर विचार नंतर आले. जीभ आधीच वळली होती. दोन वर्षांची सवय. ड्यूटीवर निघालेल्या माणसाला काही सांगायचं नसतं.

“काही नाही हो,” ती म्हणाली आणि हसलीसुद्धा. “या सावकाश.”

तो गेल्यावर ती टॅबलेट घेऊन बसली. लाल माणसाला हुकूम देता येत नसे, पण बघायला बंदी नव्हती. सहा नंबरच्या पॅनेलवर नाव भालचंद्रचंच होतं. सहा नंबरच्या मोटरची विजेची रेघ जमिनीला लागून चालली होती. बराच वेळ तशीच. फारच वेळ तशीच. आणि मग ती रेघ ताडकन वर उसळली.

सांधा पकडला होता. रवी फिरायला लागली होती. तळाशी साठलेलं आम्ल घुसळलं जात होतं. तापमानाचा आकडा हलला. एक. दोन. पाच.

उपाय एकच होता. रिअ‍ॅक्टरच्या खाली थंड पाण्याचं भलंमोठं टाकं होतं. हद्दीची वाट न बघता आतला सगळा माल त्यात सोडून द्यायचा. लाखोंचं नुकसान होणार म्हणून हा हुकूम यंत्र एका दमात घेत नसे. तीन टप्पे होते, आणि तिन्ही संपेपर्यंत हिरव्या माणसाचा हात पाटीवरून उचलला जाता कामा नये. भालचंद्रला खरं सांगितलं तर तो लाल होणार, पाटी बंद पडणार, आणि दुसरा हिरवा माणूस आणेपर्यंत सहा नंबर, शेजारचे रंगारी, भालचंद्र, सगळंच उडणार. आणि खरं नाही सांगितलं, तर तो हात न उचलता तिथे बसून राहणार. माल पाण्यात पडला की तांबूस विषारी वायूचे लोट उठतात. पॅनेल होतं त्या जुन्या कंट्रोल रूमची वातानुकूलनाची तोंडं त्याच बाजूला. मास्कचं कपाट खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

हे सगळं तिला फोन लागेपर्यंत दिसलं. विचार करायला तेवढाच वेळ होता.

“अहो,” ती म्हणाली. आपला आवाज इतका मऊ कसा निघाला याचं तिलाच नवल वाटलं. “सहा नंबरचा माल खालच्या टाक्यात सोडून द्या हं. प्रयोगशाळेतून निरोप आलाय, बॅच बिघडलीय. साहेबांशी बोलणं झालंय.”

“सगळी बॅच?”

“सगळी. आत्ताच सुरू करा. मी फोनवर आहे.”

“कमाल आहे. तापमान पण जरा चढतंय वाटतं.” पाटीवर हात ठेवल्याची बारीक शीळ ऐकू आली. “पहिला टप्पा झाला.”

“बरं. संध्याकाळी काय करू जेवायला? सुके बोंबील आहेत.”

पलीकडून हसू आलं. “सूर्य कुठे उगवला आज? बावीस वर्षांत कधी विचारलंस? जे ताटात पडेल ते मुकाट गिळतो बिचारा.”

“बिचारा म्हणे! मागच्या मंगळवारी आमटीवरून केवढा तमाशा केलात.”

“आमटी होती ती? हात धुवायचं पाणी होतं.”

टॅबलेटवर आकडा भराभर चढत होता. शरयूच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ती बोंबील चटणीत घालू की रश्श्यात, हे विचारत होती. दुसरा टप्पा झाला.

“शरयू.”

“हं?”

“खिडकीबाहेर तांबडा धूर दिसायला लागलाय.”

“मग रश्श्यातच घालू ना बोंबील?” तिने विचारलं.

“तू ड्यूटीच्या वेळात स्वयंपाकाचं कधीच बोलत नाहीस,” भालचंद्र हळूच म्हणाला. त्याचा श्वास मोजून-मापून चालला होता, आरशासमोर घेतो तसा. “काही विचारत नाही मी. हात पाटीवर आहे, पट्टी हिरवी आहे. तू बोल. बोंबलांचं काय ते बोल. थांबू नकोस.”

आणि ती बोलत राहिली. कांदा किती घालायचा, कोकम किती, काय वाट्टेल ते. मध्ये तो एकदा खोकला. मग शीळ वाजली आणि तो म्हणाला, “तिसरा झाला. झडप पूर्ण उघडली.”

“पळा!” शरयू किंचाळली. “मागच्या दाराने, वाऱ्याच्या उलट्या बाजूला! पळा हो!”

सहा नंबर फुटला नाही. तांबूस ढग थोडा वेळ तरंगला आणि समुद्राकडे निघून गेला. रंगाऱ्यांपैकी एकाच्याही केसाला धक्का लागला नाही. भालचंद्र बाहेर येऊन नळाखाली तोंड धुताना लोकांनी टाळ्या वाजवल्या. जरासा खोकला सोडला तर स्वारी ठणठणीत होती. देवस्थळी साहेबांनी त्याला मिठी मारली म्हणे.

शरयूने मात्र त्याला गाडीत घालून थेट तालुक्याच्या इस्पितळात नेलं. तो सारखा म्हणत होता, “अगं, झालंय काय मला?” तिला ठाऊक होतं. हा तांबूस वायू मोठा दगाबाज. छातीत जातो तेव्हा फारसं जाणवू देत नाही. आतल्या ओलाव्यात मिसळून त्याचं आम्ल होतं आणि ते सावकाश फुप्फुस पोखरतं. माणूस काही तास हसतो, खेळतो, चहा पितो. मग फुप्फुसात पाणी भरायला लागतं. किती वायू आत गेला असेल याचा अंदाज तिने वाटेतच केला होता. तेवढ्यातून वाचलेले फार थोडे.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं, प्राणवायू लावला, सुया टोचल्या आणि तिला बाहेर नेऊन सांगितलं, “आम्ही प्रयत्न करतो. मोठ्या इस्पितळातून गाडी मागवलीय. तोवर एकच करा. त्यांना हलू देऊ नका, बोलू देऊ नका. उत्तेजित झाले तर त्रास लवकर सुरू होईल. शांत ठेवा त्यांना.”

शांत ठेवा. शरयूला हसावं की डोकं आपटून घ्यावं तेच समजेना.

ती आत आली तेव्हा खिडकीतून उन्हं कलली होती. भालचंद्रने नाकावरचा मास्क वर केला. “खरं सांग. काही होणार आहे का मला?”

“छे हो. आज रात्री ठेवतील, उद्या...”

“दुपारीही ‘काही नाही’ म्हणालीस,” तो म्हणाला.

मग तिने सांगितलं. घाग, परकारभाभी, निसटणारा सांधा, देवस्थळी, दुपारचं हसू, सगळं. आणि वायूचंही. काही तासांत काय होऊ शकतं तेही. आवाज न बदलता सांगायला गेली, पण ते जमलं नाही.

त्याने तोंड खिडकीकडे वळवलं.

“दुपारी सांगितलं असतंस तर मी घरी असतो.”

“हो.”

“आणि तिथे परकार असता. त्याला कुणी फोनवर बोंबील शिजवून वाढले नसते.” तो थांबला. “तू बरोबर वागलीस की चूक, मला समजत नाही. समजायला वेळही नाही. पण तू मला विचारायला हवं होतंस, शरयू. जीव माझा होता.”

“हो,” ती म्हणाली. तिने त्याचा हात घट्ट धरला. त्याने तो काढून घेतला नाही, दाबलाही नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, “ओवीला फोन लाव. बोलता येतंय तोवर बोलून घेतो.”

शरयूने फोन लावला आणि आवाज मोठा करून उशीशी ठेवला. “आई!” ओवीचा सूर प्रसन्न होता. “बरं झालं केलास. तुला एक सांगायचं होतं. पण आज बाबांची दुसरी पाळी ना? मग नको. मंगळवारी निवांत सांगते दोघांना.”

“मंगळवार कुणी पाहिलाय?” भालचंद्र म्हणाला. “आत्ता सांग.”

“बाबा? तुम्ही घरी? पट्टी...”

“गेली पट्टी खड्ड्यात. बोल.”

मग ओवी भीतभीत म्हणाली, “बाबा, मी लग्न केलंय. कचेरीत नोंदणी करून. आठ महिने झाले. दर मंगळवारी सांगायचं ठरवते, पण तुमचं आधीच भांडण चाललेलं असतं, आणि मग मला वाटतं पुढच्या...”

“आठ महिने?” भालचंद्र ताडकन उठून बसला. मास्क गळ्यात लोंबकळला. “आठ महिने! कोण तो? नाव काय? करतो काय? आम्ही काय मेलो होतो का इकडे? बापाला एक हार घालायला बोलवावंसं वाटलं नाही? उचल तो फोन, त्याला दे, समोर बसव त्याला माझ्या!”

खोकला आला. त्याने तो गिळला आणि पुन्हा ओरडायला लागला. उजव्या कुशीवर कलला, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून धारा. ओवी तिकडे रडत होती, मध्येच एक पुरुषी आवाज “नमस्कार बाबा” म्हणत होता, आणि भालचंद्र त्यालाही घेत होता फैलावर. पण “नमस्कार कसले घालतोस रे गाढवा, कधी येतोयस घरी?” म्हणताना त्याच्या आवाजात हसूही होतं. शरयूला ते नीट ऐकू आलं.

यंत्र किंचाळायला लागलं तशी परिचारिका धावत आली. “अहो ताई, हे काय चालवलंय? डॉक्टरांनी सांगितलंय ना, यांना अजिबात ओरडू द्यायचं नाही म्हणून! फोन बंद करा आधी!” तिने उशीजवळच्या फोनकडे हात नेला.

शरयूने तिचं मनगट धरलं.

“ओरडू द्या त्यांना,” ती म्हणाली.